अकराशे सत्तेचाळीस नंबरचा काठ

नागपूरच्या इतवारीतल्या भांड्यांच्या ओळीत दिवसभर पितळ ठोकल्याचा आवाज चालायचा. ओळीच्या टोकाला विणकर संस्थेचं दुकान होतं. दुकानाच्या मागून एक अरुंद लाकडी जिना वर जायचा, आणि तो चढून गेलं की सगळा आवाज खालीच राहून जायचा, जणू कोणी कानांवर अलगद हात ठेवावेत. वर नमुन्यांची खोली होती. चारी भिंतींना छतापर्यंत सागवानी खण, आणि त्या खणांत वीतभर कापडाचे तुकडे गठ्ठ्यांनी बांधून ठेवलेले. नागपूर, उमरेड आणि आसपासच्या मागांवर संस्थेच्या सभासदानं नवा काठ विणला की त्याला नंबर मिळायचा, आणि लुगड्यातून वीतभर तुकडा कापून या खोलीत यायचा. असे तीन हजार आठशे काठ तिथं निजलेले होते.

त्यांची राखण करायची अनुसयाबाई. उंच, वाळकी, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. शिक्षण चौथी. नवरा गेला त्याच्या पुढच्या वर्षी, म्हणजे त्रेसष्ट साली, ती इथं चिठ्ठ्या बांधायला लागली, आणि आता शहाऐंशी साल सरत आलं होतं.

कोणी व्यापारी हातात जुनेर घेऊन यायचा. म्हणायचा, "बाई, असा काठ पाहिजे. नंबर माहीत नाही." अनुसयाबाई ते जुनेर घ्यायची, डोळे मिटायची आणि काठावरून अंगठा फिरवायची. मग डोळे नीट न उघडताच उठायची, कोपऱ्यातल्या शिडीवर चढायची, आणि कुठल्याशा खणातून कुठलासा गठ्ठा काढून त्यातला एक तुकडा जुनेराशेजारी ठेवायची. दोन्ही काठ एकमेकांकडे सख्ख्या बहिणींसारखे बघत असायचे.

"कसं ओळखता हो?" असं कोणी विचारलं तर ती बावरून जायची. "मले काय माहीत. बोट जाते तिकडं मी जातो," म्हणायची. खरंच तिला सांगता यायचं नाही. त्या खोलीत ती अर्धी जागी नि अर्धी कुठंतरी असायची. दुपारी खिडकीच्या गजांमधून उन्हाचे पट्टे आत यायचे, खणांवरून हळूहळू सरकायचे, आणि ज्या गठ्ठ्यावर ऊन पडेल त्याचे रंग तिला एकेक करून जागे होताना दिसायचे.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर संस्थेच्या रामदासपेठेतल्या मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर आला. संस्थेचे व्यवस्थापक बाबनराव स्वतः जिना चढून ही बातमी सांगायला आले. ते जवळच्या पाचपावलीचेच, कोष्ट्याच्या घरातले. हसतमुख माणूस, पण प्रत्येक काम कालच व्हायला हवं होतं अशा घाईचा.

"अनुसयाबाई, आता तुमच्या खोलीले मशीनमदे टाकाचं आहे," ते म्हणाले.

"खोलीले?"

"म्हणजे खोलीतलं सारं. काठ, रंग, धागे, नकाशे. पुण्याहून आपण मागणीचा प्रोग्राम घेतला. व्यापाऱ्याची मागणी आली का तो मशीनमदे चढवते, सूत किती लागंन ते सांगते, कोण्या विणकराले काम द्याचं ते सांगते. पण काठाचं त्याले काईच कळत नाही. तुमची खोली त्याले जोडून देली का झालं. उद्यापासून एक बाई येईन."

दुसऱ्या दिवशी सुमती आली. अठ्ठावीस वर्षांची, शहरातल्याच महाल भागातली. वडील सचिवालयात कारकून होते. गणितात पदवी घेऊन ती तीन वर्षं मुंबईला कॉम्प्युटरवर काम करत होती; आई एकटी पडली म्हणून परत आली होती. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत छापलेल्या फॉर्मांचा जाड गठ्ठा.

तो सगळा हिवाळा दोघी त्या खोलीत समोरासमोर बसून होत्या. अनुसयाबाई तुकडा उचलायची, बोलायची, सुमती लिहायची. संध्याकाळी ती फॉर्म रामदासपेठेला न्यायची आणि सकाळी तिथं बसून मशीनमध्ये चढवायची. अडचण रंगांची यायची. फॉर्मवर रंगाला फक्त एक आकडा होता.

"हा निळा," सुमती म्हणायची.

"निळा नाही. हा मोरचूद. आणि तो पाहा, तोही मोरचूदच, पण पावसात वाळवलेला."

"पावसात वाळवलेला हे मी कुठं लिहू?"

"ते मले काय माहीत. पण तो तसा आहे."

सुमती हसायची आणि रंगासाठी आणखी एक आकडा तयार करायची. जानेवारीपर्यंत तिचे सोळा रंगांचे एकशे चाळीस झाले होते, आणि तिला स्वतःलाही रस्त्यावरून जाताना आभाळाचे नंबर सुचू लागले होते.

रंग झाले, सुताचे नंबर झाले. मग पाळी आली नकाशांची. प्रत्येक काठाचा नकाशा म्हणजे चौकटीच्या कागदावर काढलेली ठिपक्यांची रांग: ताण्याचा कोणता धागा उचलायचा, कोणता दाबायचा. तो ज्याच्या हाती, त्याच्या हाती काठ. हे नकाशे लाल कापडात बांधून अनुसयाबाईनं एका पेटीत ठेवले होते. सुमतीनं मागितले तेव्हा ती पेटीवर हात ठेवून बसली.

"हे नाही भेटणार."

"अनुसयाबाई, नकाशाशिवाय नुसता रंग मशीनमध्ये टाकून काय उपयोग?"

अनुसयाबाईनं पेटी आणखी जवळ ओढली. मग तिनं पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. एक गोड बोलणारा माणूस या खोलीत आला होता. पाहतो म्हणाला. कौतुक करत करत त्यानं एका काठाचा नकाशा कागदावर उतरवून घेतला. तिनंच त्याला पाणी दिलं, बसायला पाट दिला. दोन महिन्यांत तोच काठ कुठल्यातरी पावरलूमवरून थानांच्या थानांनी उतरून इतवारीत आला, अर्ध्या भावात. तो काठ ज्यानं बसवला होता तो उमरेडचा विणकर एक दिवस या खोलीत आला. आपला तुकडा मागून घेतला, मांडीवर ठेवून बघत बसला, आणि परत देऊन निघून गेला. मग त्यानं माग मोडला.

"तवा एक माणूस आला होता," ती म्हणाली. "आता तं तू दरवाजाच काढून ठेवून राहिली."

सुमतीनं पेन खाली ठेवलं. तिला हे कोणी आजवर असं सांगितलं नव्हतं. मुंबईत माहिती जपण्याचे नुसते नियम होते, आणि त्यांचं एक जाड पुस्तक होतं.

"बँकेत गेलात कधी?" तिनं विचारलं.

"गेली ना."

"कागद दिला की पितळी टोकन मिळतं. मग तो कागद आत जातो, आणि तुम्ही टोकन दाखवल्याशिवाय आतला माणूस तुम्हाला काही देत नाही. तसं करू. तुमच्या खोलीचा साठा मशीनमध्ये राहील, पण कुलूप लावलेला. मागणीच्या प्रोग्रामला आपण एक टोकन देऊ. पितळेचं नाही, आकड्यांचं. तो दारात येईल, टोकन दाखवील. साठा तपासून पाहील. बरोबर असेल तरच आत घेईल, आणि ज्या काठाची मागणी आहे तेवढाच एक काठ बाहेर देईल. एका वेळी एकच. महिना संपला की ते टोकन मेलं. नवीन करायचं."

"अन् माणसानं मागतलं तं?"

"कोणत्याच माणसाला टोकन माहीत नसेल. मलाही नाही."

"मंग कोणाले माहीत राहीन?"

"तुम्हाला," सुमती म्हणाली. "टोकन तुम्ही ठरवायचं."

अनुसयाबाईनं पेटीवरचा हात काढला, पण लगेच नाही. आधी ती उठून खिडकीपाशी गेली, खाली गल्लीत हातगाड्यांची गर्दी झाली होती ती बघत उभी राहिली. मग परत येऊन तिनं लाल कापडाची गाठ सोडली.

टोकन कसं असावं यावर रामदासपेठेच्या कचेरीत बरीच चर्चा झाली. बाबनराव म्हणाले, देवाचं नाव ठेवा. सुमती म्हणाली, ते तर पहिल्याच झटक्यात कोणीही ओळखेल. आकडे हवेत, लांब हवेत, आणि कुठं लिहून न ठेवता लक्षात राहायला हवेत. बाबनराव म्हणाले की असे आकडे लक्षात ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. त्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली अनुसयाबाई पुटपुटायला लागली:

"दोन उचल, एक दाब, तीन उचल, एक दाब, चार उचल, एक दाब, तीन उचल, एक दाब..."

हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. बाप मागावर बसून म्हणायचा, ती खाली बसून सुताच्या कांड्या भरायची. प्रत्येक काठाला आपली मोजणी होती आणि प्रत्येक मोजणीला चाल होती. कित्येक काठ तिला डोळ्यांनी आठवायच्या आधी चालीनं आठवायचे.

सुमतीनं सगळ्यांना खोलीबाहेर घालवलं. अनुसयाबाईला मशीनपुढं बसवलं, आकड्यांची बटणं दाखवली आणि स्वतः पाठ करून उभी राहिली. चौथी शिकलेल्या त्या बाईनं एका बोटानं, मागावरच्या ठोक्यासारखं थांबून थांबून, एका काठाची मोजणी दाबली. पडद्यावर आकड्यांच्या जागी नुसते तारे उमटले. तिला वाटलं, बरोबरच आहे, दुरून काठ असाच दिसतो.

फाल्गुनात जोडणीचा दिवस ठरला. बाबनरावांनी पेढे मागवून ठेवले. मागणीच्या प्रोग्रामला एक खोटी मागणी दिली: काठ नंबर वीस, दहा लुगडी. मशीन घुरघुरलं आणि पडद्यावर आलं, टोकन चुकीचं आहे.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. अनुसयाबाईनं टोकन नव्यानं दाबलं तरी तेच. पेढ्यांचा पुडा संध्याकाळी तसाच कपाटात गेला. दोन दिवस सुमती जेवायलाही उठली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं असं केलं की चाचणीपुरतं एक साधं टोकन घ्यायचं, आणि साठ्याच्या दाराशी जे येईल ते जसंच्या तसं कागदावर छापायचं. अनुसयाबाईला विचारून तिनं बारा आकडे घेतले. छापणारं यंत्र करकरलं. सुमती कागद हातात घेऊन बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढं दोन दिवस नुसते आकडेच नाचत होते, त्यात आता वेगळं काही दिसेना.

अनुसयाबाईनं तो कागद घेतला आणि त्यावर बोट ठेवून चालीत म्हणू लागली. "दोन, एक, तीन, एक... चार, एक, तीन, एक..." आणि थांबली. चाल मधेच लटकली होती.

"याचा बाकीचा काठ कुठी आहे?"

"बाकीचा?"

"अवं, दोन-एक-एक-चार राहून गेलं ना. यानं तं अर्ध्यातच कापला. असा काठ जुळन कसा?"

सुमतीनं कपाळावर हात मारला. पुण्याच्या प्रोग्रामात टोकनासाठी ठेवलेली जागाच आठ आकड्यांची होती. पुढचे चार आकडे तो न सांगता गिळून टाकत होता, आणि साठा बाराची वाट बघत दार अडवून बसला होता. दोघेही आपापल्या जागी खरे होते.

"आता पुण्याला कळवायचं, ते जागा वाढवणार, महिना जाणार," सुमती म्हणाली.

"काहून? आठाचा काठ घे ना. आठाचे बी मस्त काठ आहेत आपल्यापाशी."

त्या दिवशी अनुसयाबाईनं आठ मोजणीचा एक काठ मशीनच्या कानात सांगितला. सुमतीनं काठ नंबर वीसची मागणी दिली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर एकेक ओळ उतरू लागली: लुगड्याची जमीन हळदी, काठ करवतीचा, रंग मोरचूद, सूत इतकं, धागे इतके. अनुसयाबाईला दिसलं ते निराळंच. तिला दिसलं की इतवारीच्या खोलीतल्या त्या खणातून नंबर वीस उठला, जिना उतरला, भांड्यांच्या ओळीतून, रेल्वेच्या पुलावरून, झाडांच्या सावलीसावलीतून एवढ्या लांब चालत आला, आणि दारात टोकन दाखवून आत येऊन बसला. पेढे शिळे झाले होते, ते सगळ्यांनी खाल्ले.

जोडणी झाली तशी एक नवीनच गोष्ट पुढं आली. संस्थेच्या जुन्या मागण्यांच्या वह्या सुमतीनं आधीच मशीनमध्ये चढवलेल्या होत्या. आता मागणी नि नमुना एकमेकांना भेटू लागल्यावर मशीननं एक यादी काढून दिली: मागणी आहे, पण नमुना नाही, असे एकोणीस नंबर. सुमती यादी घेऊन इतवारीत आली. अनुसयाबाईनं अठरा तर बसल्या बसल्या निकालात काढले. हा नंबर वहीत उलटा लिहिला गेला, हा तुकडा वाळवीनं खाल्ला, त्याची जोड अमक्या खणात आहे. एकोणिसाव्याशी ती अडली.

अकराशे सत्तेचाळीस. साल एकोणीसशे त्रेसष्ट. गिऱ्हाईक बायजाबाई, उमरेड, हनुमान मंदिरामागे. नऊवारी एक. जमीन जांभळी. बस, एवढंच.

तिनं डोळे मिटले, अंगठा हवेत फिरवला. अंगठ्याखाली काहीच आलं नाही. अकराशे सेहेचाळीस आला, अठ्ठेचाळीस आला, दोघांच्या मधे एक मोकळी जागा होती, पडलेल्या दातासारखी. नकाशांच्या पेटीतही तो नंबर नव्हता.

"राहू द्या," सुमती म्हणाली. "एका नंबरानं काय होतं?"

पण अनुसयाबाईला तो नंबर राहू देईना. चैत्र लागला होता. दुपारी बाजार सुस्त पडायचा, खालचं पितळसुद्धा दमून गप्प व्हायचं. गठ्ठ्याला पाठ टेकून तिला डुलकी लागायची आणि रोज तेच स्वप्न पडायचं. सगळे काठ खणांतून उतरून रांगेनं चालले आहेत. रुंद, अरुंद, करवतीचे, फुलांचे. कुठं चाललेत कोण जाणे, पण गडबड नाही, पाण्यासारखे चालले आहेत. ती दारात उभी राहून एकेकाला नावानं हाक मारते आहे आणि प्रत्येक जण ओ देतो आहे. एवढ्यात त्यांच्यामधून एक जांभळा पट्टा जातो. त्याला काठच नाही. ती विचारते, कोण गा तू? तो पट्टा वळून तिच्याकडे बघतो, जणू हाच प्रश्न तिनं विचारावा याचं त्याला फार वाईट वाटलं आहे. मग तिला जाग यायची.

शेवटी एका रविवारी सकाळी दोघी इतवारी स्टेशनवरून उमरेडच्या छोट्या रेल्वेत बसल्या. ती गाडी अशी सावकाश चालायची की वाटेत माणूस उतरून, पळसाची फुलं तोडून परत चढावा. फुलांचा बहर सरत आला होता. रुळांच्या कडेला ती वाळून पडली होती आणि गाडीच्या वाऱ्यानं थोडी थोडी उडत होती. अनुसयाबाई खिडकीला डोकं लावून बसली. सुमतीनं विचारलं, "त्रेसष्ट साली तुम्ही संस्थेत होता ना? मग हा काठ तुमच्या हातून कसा नाही गेला?"

"त्या सालचं मले नीट आठवत नाही," अनुसयाबाई म्हणाली. "माहा माणूस थंडीत गेला. जागेश्वर नाव त्याचं. त्याच्या बादचे चार-सहा महिने... धुक्यात कसं झाड दिसते, तसं आहे. मी संस्थेत कामाले कशी लागली तेही मधुकररावांनं सांगतलं म्हणून माहीत. ते तवा व्यवस्थापक होते. आता तेही नाहीत."

हनुमान मंदिरामागं बायजाबाईचं घर पहिल्याच माणसानं दाखवलं. साठीची, ठेंगणी-ठुसकी, बोलकी बाई. नागपूरहून दोन बाया आपल्या चोवीस वर्षांपूर्वीच्या लुगड्याची चौकशी करायला आल्या, याचं तिला इतकं हसू आलं की ती ओट्यावरच बसली.

"अवं माय! ते जांभळं? ते तं मी चौदा वर्स नेसली. लग्नात, तेरवीत, सगळीकडं तेच. मंग फाटलं."

"फेकलं काय?" अनुसयाबाईनं हळूच विचारलं.

"फेकाले काय झालं? गोधडी शिवली."

ती आत गेली आणि गोधडी घेऊन आली. दहा वर्षं अंगावर घेऊन आणि नदीवर धुऊन जांभळा रंग धुरासारखा झाला होता. पण काठ तिनं हौसेनं सोडवून चारी बाजूंना आणि मधे दोन आडव्या पट्ट्यांत लावले होते. बारीक काठ होता. एकापुढं एक चिमणीची पावलं उमटावीत तशी तीन बोटांची नक्षी, ओल्या मातीतून कोणी टुणटुण उड्या मारत गेल्यासारखी.

"नेऊ देणार नाही हं," बायजाबाई म्हणाली. "नातू हिच्याबिगर झोपत नाही."

"नेत नाही. फक्त पाहू दे."

अनुसयाबाईनं गोधडी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि अंगठा काठावर ठेवला. सुमती वही उघडून बसली. अनुसयाबाई सांगू लागली: दोन उचल, एक दाब, एक उचल, तीन दाब... पहिली पट्टी झाली. फणीची ठोक घट्ट, एकसारखी, कसलेल्या हाताची. दुसऱ्या पट्टीच्या मध्यावर आली आणि तिचा अंगठा थांबला. मागं गेला, पुन्हा पुढं आला, पुन्हा थांबला.

"काय झालं?" सुमतीनं विचारलं.

"इथं ठोक बदलली. हात बदलला."

ती आणखी पुढं गेली. आता फणीची ठोक सैल होती, कुठं जास्त, कुठं कमी, आणि दर सातव्या पावलाला एक बोट नव्हतं. सात पावलं, एक बोट कमी. पुन्हा सात, पुन्हा कमी. अनुसयाबाईचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. अंगणात कडुनिंबाचा मोहर गळत होता तो तिच्या केसांवर पडत होता.

"सातव्याले काय कराचं ते त्यानं मले सांगतलंच नव्हतं," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटला. "हे त्याच्या मागावरचं आहे. अर्धं लुगडं विणून झालं होतं अन् तो गेला. ताणा तसाच लावून होता. घरातले म्हणत, काढून टाक. बाईमाणसानं मागावर बसाचं नसते आमच्यात, कांड्या भराच्या फक्त. पण मी बसली. कोणाले न विचारता बसली. रोज थोडं थोडं..." तिनं अंगठा त्या जागेवर दाबून धरला. "इथपर्यंत तो आहे. इथून मी आहे."

बायजाबाईचं हसू कधीच थांबलं होतं. ती उठून अनुसयाबाईजवळ येऊन बसली.

मग हळूहळू धुक्यातली झाडं एकेक करून बाहेर आली. लुगडं पूर्ण झालं तसं ती ते पोटाशी धरून इतवारीला चालत गेली होती. मधुकररावांनी नंबर घातला आणि नमुन्याचा तुकडा कापायला कात्री घेतली, तर ती किंचाळली. कापू देईना. लुगडं मापाचंच आहे, कापलं तर कमी पडेल, असं काहीबाही सांगत राहिली. मधुकरराव भला माणूस. त्यांनी कात्री खाली ठेवली. लुगडं अखंड विकलं गेलं, नंबर वहीत राहिला आणि खणातली जागा रिकामी राहिली. आणि तिला म्हणाले, उद्यापासून कामाला ये. हे सगळं घडलं होतं. तिच्या हातून घडलं होतं. तीन हजार आठशे काठ सांभाळताना तिनं आपला एकच काठ असा ठेवून दिला होता की तिलाही सापडू नये.

ती रडली नाही. तिनं गोधडीची नीट घडी घातली आणि परत दिली. बायजाबाईनं भात-वरण वाढलं ते जेवली, चवीनं जेवली. निघताना बायजाबाई म्हणाली, "कधीबी ये वं पाहाले. अन् नातू मोठा झाला का मग देऊन टाकीन तुले." अनुसयाबाईनं मान हलवली. "त्याच्यापाशीच राहू दे. त्याले झोप येते ना, मग झालं."

परतीच्या गाडीत सुमतीनं वही उघडली. पुढं काय विचारायचं ते तिला कळत होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "नकाशा चढवताना सातव्या पावलाचं काय करू? जसं आहे तसं ठेवू? ती तुमची खूण आहे."

अनुसयाबाई खिडकीकडे वळली. बाहेर उन्हं उतरली होती आणि शेतं पिवळी धमक दिसत होती.

"नीट करून टाक," ती म्हणाली. "तिसरं बोट लाव. माह्या दुःखाचा काठ लोकायनं कायले नेसाचा? त्याले बी ते आवडलं नसतं. त्याचं काम लई साफ होतं."

त्या महिन्यात साठ्यात एक नोंद वाढली. विणकराच्या नावाच्या जागी सुमतीनं जागेश्वर लिहिलं आणि अनुसयाबाईला न विचारता पुढं 'व अनुसया' जोडलं. उमरेडला ईश्वरदास नावाच्या विणकराला पहिली दहा लुगडी करायला दिली. ती निघतात न निघतात तोच आणखी मागणी आली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला अनुसयाबाई इतवारीहून बस पकडून रामदासपेठेला जायची, सगळ्यांना बाहेर काढायची, आणि एका बोटानं नव्या महिन्याचं टोकन दाबायची. तिच्या कारकिर्दीत साठ्यातून एकही नकाशा टोकनाशिवाय बाहेर गेला नाही. एकोणनव्वद साली ती निवृत्त झाली तेव्हा पुष्पलता नावाच्या विणकराच्या मुलीला तिनं ते काम शिकवलं. आधी आकडे शिकवले नाहीत. दोन महिने नुसत्या चाली म्हणायला लावल्या.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात ती एकदा कूलरसाठी खस घ्यायला सीताबर्डीला गेली होती. गर्दीतून जाताना तिच्या पुढं एक तरुण बाई चालली होती. अंगावर साधी पाचवारी, पण काठावर चिमणीची पावलं. जमीन जांभळी नव्हती, कवठाच्या गरासारखी होती. बाई भरभर चालत होती आणि प्रत्येक पावलाबरोबर काठ घोट्यापाशी हलत होता. अनुसयाबाई तिच्या मागं मागं निघाली. काही बोलायचं नव्हतं, थांबवायचं नव्हतं. दुकानांच्या सावल्या, उसाच्या रसाच्या गाड्या, सायकलरिक्षांच्या घंटा सगळं बाजूबाजूनं वाहत गेलं. बाई बसच्या रांगेत उभी राहिली तशी तीही थोडी दूर उभी राहिली, आणि तिच्या नकळत तिचा अंगठा तर्जनीवर फिरू लागला. पाच, सहा, सात. सातव्याला तीन बोटं होती.

बस आली. बाई चढली. अनुसयाबाई बस वळेपर्यंत बघत राहिली, मग खस कुठल्या दुकानात चांगली मिळते ते शेजारच्या माणसाला विचारून त्या बाजूला चालू लागली.